डोलोमाइट पर्वतांतील लोखंडी वाटा

श्रोतेहो, आपल्या घरीं मुलांचा नकाशासंग्रह असेल तर इटलीचें पान उघडा आणि व्हेनिस शहरावर बोट ठेवा. तेथून तें सरळ उत्तरेकडे सरकवीत न्या. हिरवा रंग संपतो, पिवळा लागतो आणि पाहतां पाहतां गडद तपकिरी रंग येतो. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीच्या अलीकडचा हा तपकिरी पट्टा म्हणजेच डोलोमाइट पर्वतांचा प्रदेश. मी आयुष्यभर शाळेंत भूगोल शिकविला. हे पर्वत मीं पाहिले ते नकाशांत, चित्रांत आणि तेथें चढून आलेल्यांच्या लेखांत. पण मास्तराचा धंदाच असा कीं, न पाहिलेल्या मुलखाविषयीं त्याला अधिकारवाणीनें बोलावें लागतें. तो अधिकार आज थोडा वेळ मी आपणांवर चालविणार आहें.

या पर्वतांना नांव मिळालें तें देओदा द दोलोमियू (१७५०–१८०१) या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून. येथला फिकट दगड दिसण्यांत चुनखडीसारखा. परंतु अम्ल टाकलें असतां चुनखडी जशी फसफसते तसा हा फसफसत नाहीं, हें त्यानें नमूद केलें. या दगडांत चुन्याच्या जोडीला मॅग्नेशियम असतें, हें त्याचें कारण. पुढें १८६० सालीं रिश्टहोफेन या जर्मन पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं, यांतले कित्येक उभे कडे म्हणजे एका प्राचीन उथळ समुद्रांतील प्रवाळाच्या भिंती होत. आज त्यांचें वय सुमारें चोवीस कोटी वर्षें धरितात. आपला सह्याद्रि अग्नीच्या पोटचा, हे डोंगर पाण्याच्या पोटचे. तरी एका बाबतींत दोघांचें साम्य आहे. दोन्हीकडे पुष्कळ ठिकाणीं दगड थरावर थर असा रचलेला असून दोन थरांच्या सांध्यावर कड्याच्या पोटांतून एक आडवी पट्टी गेलेली दिसते. ही आडवी पट्टी लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सर्वांत उंच शिखर मार्मोलाडा, ३,३४३ मीटर. हिमालयाची सवय असलेल्या आपल्या कानांना हा आंकडा किरकोळ वाटेल. 'तीन शिखरें' म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या सुळक्यांतला थोरला तर २,९९९ मीटर; बिचाऱ्याचा तीन हजारांचा मान एका मीटरनें हुकला! पण या डोंगरांचा दरारा उंचींत नाहीं, उभेपणांत आहे. त्या थोरल्या सुळक्याची उत्तरेकडची बाजू म्हणजे सुमारें पांचशें मीटरांची भिंत. पाऊल ठेवण्यास सपाट जागा म्हणून नाहीं. सायंकाळीं ह्याच भिंती गुलाबी होतात. तिकडची दंतकथा सांगते कीं, लॉरिन नांवाच्या बुटक्यांच्या राजानें आपली गुलाबाची बाग दिवसा व रात्रीं कोणाच्या दृष्टीस पडूं नये असा शाप दिला. पण संधिकाल उच्चारावयाचा राहिला. शापांतसुद्धां व्याकरण नेटकें लागतें तें असें.

या शिखरांवर हौसेनें चढण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पडला. १८५७ सालीं जॉन बॉल हा आयरिश गृहस्थ पेल्मो शिखरावर चढला. व्हिएन्नाचा पाउल ग्रोमान १८६४ सालीं मार्मोलाडाच्या माथ्यावर आणि १८६९ सालीं तीन शिखरांतल्या थोरल्यावर पोंचला. या स्वाऱ्यांचें श्रेय पुस्तकांत पाहुण्यांच्या नांवें लागलें, तरी पुढें राहून वाट शोधणारे गांवचे वाटाडेच असत. कोर्तिना गांवचीं दिमाई मंडळी आणि सेक्स्टन गांवचीं इन्नरकोफ्लर मंडळी यांच्या घरांत हा व्यवसाय बापाकडून मुलाकडे चालत आला होता.

दगडांत लोखंड ठोकण्याची कल्पना याच काळांतली. १८४३ सालीं ऑस्ट्रियांतील डाखश्टाइन शिखराच्या वाटेवर फ्रीडरिख सिमोनी यानें लोखंडी मेखा व कड्या बसवून घेतल्या. हा सिमोनी भूगोलाचा पंडित होता, हें सांगतांना मला अंमळ अभिमान वाटतो. १९०३ सालीं मार्मोलाडाच्या पश्चिम धारेवर तशीच वाट तयार झाली. इटालियन भाषेंत अशा वाटेला 'व्हिया फेराटा', म्हणजे लोखंडी वाट, म्हणतात. कड्याला समांतर पोलादी तारेचा जाड दोर ताणलेला, दर कांहीं मीटरांवर तो दगडांत मेखेनें अडकविलेला, आणि जेथें पाय ठेवावयास कांहींच नाहीं तेथें लोखंडी पायऱ्या किंवा शिडी, असें तिचें रूप असतें.

परंतु या वाटा इतक्या संख्येनें ज्या झाल्या त्या पाहुण्यांच्या हौसेनें नव्हे, युद्धानें. १९१५ च्या मे महिन्यांत इटलीनें ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलें, तेव्हां दोन्ही देशांची सरहद्द याच शिखरांवरून जात होती. टिरोल प्रांताचे तरुण सैनिक आधींच दूर गॅलिशियांत रशियाशीं लढत होते. म्हणून घरच्या डोंगरांचें रक्षण करण्यास पुढें झाले ते बव्हंशीं वयस्क पुरुष आणि मिसरूड न फुटलेले पोर. डोंगरांतल्या युद्धाचा नियम आपणां शिवकालाच्या वाचकांस सांगावयास नको: माथा ज्याच्या हातीं, खालची खिंड त्याची. पण माथ्यावर बसलेल्या वीस माणसांना रोज भाकरी, पाणी, सरपण आणि काडतुसें पोंचवावीं लागतात. तीं पाठीवर घेऊन अंधारांत, बर्फांत कडा चढावयाचा, म्हणून लांकडी शिड्या आल्या, दोर आले, मेखा आल्या. आजच्या कित्येक वाटांचा मूळ आराखडा या हमालीच्या वाटांचा आहे.

तें युद्ध तीन उन्हाळे आणि दोन हिंवाळे एकाच जागीं तटून राहिलें. शत्रु वरून हालत नाहीं असें दिसतांच दोघांनींही डोंगर पोखरावयास आरंभ केला. ११ जुलै १९१६ रोजीं इटालियनांनीं तोफाना शिखराच्या पायथ्याचा कास्तेलेत्तो नांवाचा कडा ३५ टन स्फोटकें भरून उडविला. त्यासाठीं खणलेल्या भुयारांतूनच आज एका लोखंडी वाटेचा आरंभ होतो. मार्मोलाडाच्या हिमनदीच्या पोटांत ऑस्ट्रियन सैनिकांनीं सुमारें बारा किलोमीटर बोगदे खोदून बर्फाचें एक गांवच वसविलें होतें. झोपण्याच्या खोल्या, कोठारें, सर्व कांहीं. तोफेच्या गोळ्यापासून त्यानें रक्षण केलें. पण १३ डिसेंबर १९१६ रोजीं त्याच पर्वतावर हिमाचा लोट सैनिकांच्या छावणीवर कोसळला आणि अडीचशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. या आघाडीवर गोळीपेक्षां बर्फानें अधिक माणसें मारलीं असें जें सांगतात, त्यांत मला अतिशयोक्ति दिसत नाहीं. तें बर्फाचें गांव आज उरलेलें नाहीं; हिमनदीच वितळत चालली आहे. ३ जुलै २०२२ रोजीं तिचा एक मोठा तुकडा तुटून खालीं आला व ११ गिर्यारोहक प्राणांस मुकले.

एका माणसाची हकीकत मात्र थोडी थांबून सांगितली पाहिजे. सेप इन्नरकोफ्लर हा सेक्स्टनचा नामांकित वाटाड्या. तीन शिखरांसमोर डोंगरयात्रेकरूंची जी धर्मशाळावजा झोंपडी होती ती तोच चालवी. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत तोफांनीं ती जाळून टाकली आणि समोरचें पातेर्नो शिखर इटालियन सैनिकांनीं बळकाविलें. तें परत घेण्याचें ठरलें. तिकडची वाट याच्याइतकी कोणास ठाऊक असणार? ४ जुलै १९१५ रोजीं पहांटे, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, मूठभर सोबती घेऊन तो आपल्या ओळखीच्या कड्यानें वर चढला आणि माथ्याशीं पोंचतांच मारला गेला. पिएरो दे लुका नांवाच्या इटालियन शिपायानें वरून धोंडा लोटला, अशी कथा रूढ आहे. तो गोळीनें पडला असेंही कांहीं म्हणतात. धोंडा असो कीं गोळी असो, पुढचें निर्विवाद आहे. ज्यांनीं त्याला मारलें त्या इटालियनांनींच त्याचें प्रेत वर आणून माथ्यावर सन्मानानें पुरलें. १९१८ सालीं तें त्याच्या गांवीं नेण्यांत आलें. आज पातेर्नोवर युद्धकाळच्या बोगद्यांतून जी लोखंडी वाट जाते तिला 'दे लुका–इन्नरकोफ्लर' असें जोडनांव आहे. मारणारा म्हणून ज्याची ख्याति तो आणि मेला तो, असे दोघे एकाच वाटेच्या पाटीवर शेजारीं बसले आहेत. १९१९ च्या तहानें सेक्स्टन गांव इटलींत गेलें. घरांत तेथें आजही जर्मनच बोलतात.

आतां या वाटेवर माणूस चालतो कसा तें पाहूं. त्याच्या कमरेला पट्टा असतो. पट्ट्याला आंखूड दोरीच्या दोन शाखा आणि प्रत्येक शाखेच्या टोंकास उघडझाप होणारी कडी. दोन्ही कड्या तारेंत अडकवून तो पुढें सरकतो. मेख आली कीं एक कडी काढून पलीकडे लावावयाची, मग दुसरी. दोन्ही एकदम काढावयाच्या नाहींत. सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे, असें वाटेल. पण तसें नाहीं. येथें मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांप्रमाणें आपणांसही एक गणित घालतों.

साधा गिर्यारोहक दोर लावून सोबत्याच्या वर पांच मीटर चढला आणि पडला, तर तो सोबत्याच्या खालीं पांच मीटरपर्यंत, म्हणजे एकूण दहा मीटर पडेल. त्याला झेलणारा दोर पांच मीटर लांब आहे. दहाला पांचानें भागिलें तर दोन. दोरावर असा झटका दोनाच्या पुढें सहसा जात नाहीं. आतां लोखंडी वाटेवरचा माणूस खालच्या मेखेपासून चार मीटर वर आहे असें धरा. तो पडला तर कडी तारेवरून घसरत मेखेपर्यंत येईल, म्हणजे चार मीटर; शिवाय त्याच्या आंखूड दोरीची लांबी एक मीटर. पडला पांच मीटर आणि झेलणारी दोरी एक मीटर! भागाकार पांच आला. म्हणजे जी वाट नवशिक्याला सोपी म्हणून दाखविली जाते, तिच्यावरचें पडणें पट्टीच्या गिर्यारोहकाच्या पडण्याहून वाईट. म्हणून त्या दोरीच्या मुळाशीं शिवण घातलेल्या पट्टीची एक गुंडाळी बसवितात. झटका बसतांच ती शिवण टांक्यामागून टांका उसवत जाते आणि धक्का शोषून घेते. पण ती एकदांच कामीं येते. आणि युरोपच्या प्रचलित मानकाप्रमाणें ती ४० ते १२० किलो वजनाच्या माणसासाठीं असते. लहान मुलाच्या हलक्या वजनानें ती पुरती उसवणारच नाहीं. म्हणून मूल बरोबर असलें तर जाणत्यानें त्याला निराळ्या दोरानें आपल्या सांभाळांत ठेवावयाचें असतें. शिवाय उन्हाळ्यांत दुपारीं तेथें गडगडाट होतो, आणि भर विजांत शेंकडों मीटर पोलादी तार धरून उभें राहण्यासारखा दुसरा वेडेपणा नाहीं. तिकडचे वाटाडे पहांटे निघतात तें काय उगीच नव्हे.

आतां वादाचा मुद्दा. डोंगराला असें लोखंड ठोकावें कीं ठोकूं नये? या वादाला तिकडे शंभर वर्षें होऊन गेलीं. १९११ सालीं पाउल प्रॉयस नांवाच्या पंचवीस वर्षांच्या ऑस्ट्रियन तरुणानें एक लेख लिहून कृत्रिम साधनांवर कडक टीका केली. त्याचें म्हणणें, जेथून तुम्हांला आपल्या बळानें उतरतां येत नाहीं तेथें चढूंच नये. मेख ही संकटांतली तरतूद आहे, तिच्या भरंवशावर बेत आंखूं नये. त्याला तिता पियाझ या नाणावलेल्या वाटाड्यानें व इतरांनीं उत्तरें दिलीं. प्रॉयस नुसता बोलका नव्हता. त्याच वर्षीं २८ जुलै रोजीं ब्रेंता पर्वतांतील कांपानिले बास्सो या मनोऱ्यासारख्या सुळक्याच्या पूर्व कड्यावर तो एकटा, दोराशिवाय चढला आणि तसाच उतरला. १९१३ च्या ऑक्टोबरांत एकटाच चढत असतां ऑस्ट्रियांत दुसऱ्या एका कड्यावरून पडून तो मेला. तेव्हां त्याचें वय सत्तावीस होतें.

त्याच्या मरणानें त्याचें म्हणणें खोटें ठरलें असें कित्येक मानतात. मला तें पटत नाहीं. उलट, त्याचें तत्त्व सर्वांस लावलें तर डोंगर शंभर माणसांपुरतेच उरतील, हेंही मला मान्य नाहीं. शाळेंत चाळीस मुलें असतात. गणित एकाच्याच डोक्यांत सहज शिरतें म्हणून उरलेल्या एकोणचाळीसांस अंगणांत बसवीत नाहींत. पण त्यांच्यासाठीं म्हणून उत्तरें फळ्यावर लिहूनही ठेवीत नाहींत. मग मध्यम मार्ग कोणता?

तो ब्रेंतांतच सांपडतो असें मला वाटतें. १९३० नंतरच्या दशकांत त्रेंतो येथील गिर्यारोहकांच्या मंडळानें, सोसिएता आल्पिनिस्ती त्रिदेंतिनी यानें, तेथें एक वाट काढावयास घेतली. महायुद्धानंतरही तिचें काम चालूं राहिलें. तिचें नांव 'व्हिया देल्ले बोकेत्ते', म्हणजे लहान खिंडींची वाट. मघाशीं जी आडवी पट्टी लक्षांत ठेवण्यास सांगितलें ती येथें कामीं येते. कड्याच्या पोटांतल्या या नैसर्गिक पट्ट्यांवरून, एका बाजूस भिंत व दुसऱ्या बाजूस पोकळी अशी, ही वाट खिंडींतून खिंडींत जाते. मध्यें खंड पडेल तेथें शिडी, हात धरण्यास तार. पण ती मुख्य शिखरांच्या माथ्यावर कोठेंच जात नाहीं. लोखंड खांद्यापर्यंत आणलें, डोक्याला लाविलें नाहीं.

आणि ही वाट जाते कोठून? प्रॉयस जो सुळका एकटा चढला त्या कांपानिले बास्सोच्या अगदीं पायाशीं असलेल्या खिंडींतून. उन्हाळ्यांतल्या चांगल्या दिवशीं तेथें दोन तऱ्हेचीं माणसें एकत्र येतात. ज्यांना चढतां येतें तीं आपला दोर सोडतात आणि सुळक्याला हात घालतात. बाकीचीं पिशवींतून डबा काढून पट्टीवर भिंतीला टेंकून बसतात, वरच्यांचे पाय कोठें पडतात तें मान वर करून पाहतात, आणि ढग जमूं लागले कीं कड्या तपासून पुढच्या तारेला लागतात.