बाळंतिणीचें ताट



आमच्या महाराष्ट्रांत घरीं बाळंतीण असली म्हणजे स्वयंपाकघराचा सारा नूर पालटतो. डिंकाचे लाडू वळले जातात, अळिवाची खीर शिजते, मेथी व शेपू निवडले जातात, आणि जेवणानंतर बाळंतशोपेची वाटी पुढें येते. या चालींची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. अळिवांत लोह विपुल आहे; लाडवांतील तूप, खोबरें व खारीक यांनीं अंगांत शक्ति येते. शिवाय ‘ही दमली आहे, हिला जपलें पाहिजे’ हें जें घर तोंडानें बोलत नाहीं, तें तो लाडू बोलतो.

परंतु त्याच ताटांत प्रेमाशेजारीं भीतिहि वाढलेली असते. केळ्यानें मुलास सर्दी होईल, डाळीनें त्याचें पोट दुखेल, पाण्यानें आईचें पोट सुटेल, अशा समजुतींनीं एकेक जिन्नस वर्ज्य होतो. आईच्या दुधांत सुमारें ८७ टक्के पाणीच असतें. मग तिनें तहान कां मारावी?

त्याहून मोठी चूक पुढेंच आहे. सव्वा महिना सरला कीं लाडवांचा डबा रिकामा होतो, आणि तीच माउली सर्वांस वाढून शेवटीं उरलेंसुरलें खाऊं लागते. मूल मात्र अद्याप अंगावरच पीत असतें! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं सांगितलें कीं, पहिले ६ महिने अशा मातेस रोज सुमारें ६०० कॅलरी अधिक हव्यात. म्हणजे दोन भाकरी, वाटीभर डाळ व पेलाभर दूध. तें न मिळालें तरी दूध बहुधा एकाएकीं आटत नाहीं, मूल बाळसें धरतें, आणि घर निश्चिंत राहतें. पण दुधांतील चुना आईच्या हाडांतून काढला जातो, हें कोणास दिसत नाहीं.

आतां मनाविषयीं. दूध वाढतें तें मुख्यत्वें मुलानें वारंवार व नीट चोखल्यानें. परंतु मन उद्विग्न असतां पान्हा अडखळतो. आमच्याच घरीं एका सुनेस दुसरीहि मुलगी झाली. कोणी वावगें बोललें नाहीं. पण बर्फी वांटण्याचेंहि कोणास सुचलें नाहीं. ती ‘भूक नाहीं’ म्हणून ताट सारूं लागली, बाळ रडूं लागलें, आणि आम्ही सर्वांनीं मिळून काय केलें? अळीव वाढविले! अखेर एके संध्याकाळीं सासूबाई आपलें ताट घेऊन तिच्याजवळ बसल्या व म्हणाल्या, “तूं जेवल्यावांचून मीहि जेवणार नाहीं.” त्या रात्रीं सून पोटभर रडली आणि पोटभर जेवली. थोड्याच दिवसांत दुधाची तक्रारहि राहिली नाहीं. आम्हांस मात्र आमच्या मौनाची लाज अद्याप वाटते.

तेव्हां आमची विनंति एवढीच: लाडू ठेवा, भीति टाका, डाळ, भाजी, फळें व पाणी तिला मोकळ्या हातानें द्या. मूल अंगावर पितें आहे तोंवर तिचें ताट शेवटीं नव्हे, सर्वांबरोबर वाढा. आणि पुरुषांनो, ती जेवेपर्यंत बाळ तुम्हीं घ्या. बाळाच्या घोटांत आईच्या घांसाचा वांटा आहे, हें घरांतील कोणीहि विसरूं नये.