दाढ, भीती आणि भूल

दाढ काढावयाची म्हटले की भल्याभल्यांच्या जिवाचे पाणी होते. अशा रुग्णास कोणती गुंगी द्यावी, हा प्रश्न निघाला म्हणजे हैदराबादची आठवण होते. १८८८ व १८८९ साली निजामाच्या आश्रयाने तेथे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मची परीक्षा करणारे दोन आयोग बसले. आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे. सबब श्वासावर नजर ठेवावी, असा त्यांचा निर्णय. तो अर्धाच खरा होता. हलक्या भुलेत ॲड्रेनलिनने हृदयही एकाएकी बंद पडते, हे पुढे लेव्ही यांनी दाखविले. आणि भ्यालेल्या माणसाच्या रक्तात हे द्रव्य आपोआपच वाढते!

क्लोरोफॉर्म आता मागे पडला. साध्या भीतीस नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे मिश्रण बहुधा पुरते; नळी काढताच त्याचा अंमल लवकर उतरतो. गोळीची गुंगी तासन्‌तास रेंगाळते, म्हणून घरी नेण्यास सोबत लागते. शिरेतून दिलेले औषध अधिक खात्रीचे. परंतु तेथे केवळ श्वासाकडे व नाडीकडे पाहणारा स्वतंत्र जाणकार हवाच. गुंगी कोणतीही घेतली, तरी हिरडीतली सुई मात्र सहसा चुकत नाही.