तळाशी बुडालेले अरण्य

दोडामार्गला धरण हा विषय नवा नाही. तिलारीचे पाणी घाटमाथ्यावर अडवून खाली कोनाळला सोडले जाते आणि त्यातून सुमारे 60 मेगावॉट वीज मिळते. खालच्या मोठ्या धरणाचे पाणी सिंधुदुर्ग व गोव्याच्या शेतीसाठी आहे. कोळसा जळत नाही, धूर दिसत नाही. म्हणून जलविद्युत निर्मळ, असे आपण गृहीत धरतो.

हे अर्धसत्य आहे. उष्ण कटिबंधातील अरण्य जलाशयात बुडाले की पाने, मुळे, पालापाचोळा तळाशी कुजतो. तेथे प्राणवायू नसल्याने मिथेन निर्माण होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक! खोल पाणी टर्बाइनमधून बाहेर पडताना दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसा विरघळलेला वायू निसटतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर गवत रुजते, तेही पावसाळ्यात बुडून कुजते.

ब्राझीलच्या बाल्बिना धरणाने अ‍ॅमेझॉनचे सुमारे 2,360 चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली घातले. क्षमता अवघी 250 मेगावॉट. तिलारीच्या विजेला तोच ठपका लावणे अन्यायाचे ठरेल, कारण ती सह्याद्रीच्या उंचीची देणगी आहे, विस्तीर्ण जलाशयाची नव्हे. परंतु खालच्या जलाशयाने रान बुडवले, गावे उठवली, हेही खरे. याच परिसरातील 29.53 चौरस किलोमीटर वन 2021 मध्ये संवर्धन राखीव झाले. नवे धरण आखले गेले, तर दर मेगावॉटमागे किती अरण्य बुडणार आणि पाणी भरण्यापूर्वी झाडोरा हटवणार काय, हे दोन प्रश्न ग्रामसभेने लेखी विचारावेत.