इंजिनाची रेघ



आज आपण गाडीच्या इंजिनातल्या ऑईलविषयी बोलणार आहोत. विषय लहान दिसतो. पण एवढ्याशा गोष्टीपायी चांगली चालती गाडी बंद पडते. गाडीवर कर्ज असते. गाडी बंद पडली म्हणून हप्ता थांबत नाही. भाजी बाजाराला जात नाही. दुखणाईत माणूस वेळेवर दवाखान्यात पोचत नाही. म्हणून नीट ऐका, आणि घरी गेल्यावर हा धडा पुन्हा एकदा वाचा.

बैलगाडीच्या आखाला वंगण का घालतात, हे तुम्हांला सांगायला नको. वंगण नसले तर चाक करकरते आणि आख झिजतो. इंजिनाचेही तसेच आहे. बैलगाडीचे चाक मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेते. इंजिनातला मोठा दांडा मिनिटाला दोन-दोन हजार फेरे घेतो. या दांड्याला क्रँक म्हणतात. वंगणावाचून तो किती वेळ टिकेल, तुम्हीच सांगा!

इंजिनाच्या तळाशी एक टाकी असते. मिस्त्री लोक तिला चेंबर म्हणतात. ऑईल तिच्यात साठते. ऑईलमध्ये एक जाळी बुडालेली असते. एक छोटा पंप त्या जाळीतून ऑईल ओढतो. ऑईल फिल्टरमधून गाळले जाते आणि बेअरिंगांना पोचते. तिथून ते गळून पुन्हा चेंबरमध्ये येते. इंजिन चालू आहे तोवर हे रहाटगाडगे चालूच असते.

आता ऑईल कमी असले तर काय होते? खंबाटकीसारखा घाट चढताना गाडीचे तोंड वर होते. चेंबरमधले ऑईल मागे सरकते. जाळी उघडी पडते. पंप ऑईलऐवजी हवा ओढतो. बेअरिंगा कोरड्या पडतात, तापतात आणि वितळतात. मग इंजिन जाम होते.

पुष्कळजण म्हणतात, “मग थोडं जास्तच टाकावं. जास्तीनं काय बिघडतंय?” बिघडते, मंडळी. ऑईल फार वर आले की क्रँक त्यात बुडतो आणि रवीसारखा घुसळू लागतो. ताक घुसळताना फेस येतो, तसा ऑईललाही फेस येतो. फेस म्हणजे निम्मी हवा. पंप फेस ओढतो आणि बेअरिंगांना पुरते वंगण मिळत नाही. इंजिन तापते. सिलांतून ऑईल गळू लागते. डिझेल इंजिनात आणखी एक धोका असतो. जास्तीचे ऑईल हवेच्या वाटेने वर जाऊन जळू लागले, तर डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही. ते आपलेच ऑईल खाऊन बेफाम पळत सुटते. अति तेथे माती म्हणतात, ते असे.

मग किती ऑईल असावे? हे सांगण्यासाठी इंजिनाला एक पट्टी दिलेली असते. तिच्यावर दोन रेघा असतात. ऑईल खालच्या रेघेच्या खाली जाऊ नये, आणि वरच्या रेघेच्या वर येऊ नये. कारखान्यातून आलेल्या इंजिनाला एवढे पुरे आहे.

पण इंजिनात फेरफार केला असेल तर एवढे पुरत नाही. आज आम्हांला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आपल्याकडे जुन्या पेट्रोलच्या जीपगाड्यांत डिझेलची इंजिने बसवलेली पुष्कळांनी पाहिली असतील. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअराने १८९७ साली असे इंजिन यशस्वी करून दाखवले. कमी तेलात ते जास्त काम देते. म्हणून लोकांना ते परवडते. पण एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना तीन गोष्टी बदलू शकतात.

पहिली गोष्ट इंजिनाची बैठक. नव्या जागी इंजिन पुढे किंवा मागे झुकलेले बसते. परातीत पाणी घ्या आणि परात एका बाजूने उचला. एका कडेला पाणी वर येते, दुसऱ्या कडेला खाली जाते. पाणी मात्र तेवढेच असते. चेंबर ४० सेंटीमीटर लांब आहे आणि त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा २ सेंटीमीटर वर आहे, असे समजा. मग एका टोकाला ऑईल १ सेंटीमीटर जास्त दिसेल आणि दुसऱ्या टोकाला १ सेंटीमीटर कमी. पट्टी ज्या टोकाला असेल, तिथलेच ती सांगणार. दुसरी गोष्ट चेंबर. ते खाली अडकते म्हणून कापून लहान करतात, किंवा दुसऱ्या इंजिनाचे लावतात. तिसरी गोष्ट पट्टी. जुनी हरवली की हाताला येईल ती लावतात. ती लांब की आखूड, हे कोणी पाहत नाही.

यांतली एक जरी गोष्ट बदलली, तरी पट्टीवरची रेघ खोटी ठरू शकते. मग करायचं काय? आपली रेघ आपण आखायची. ती अशी.

गाडी सपाट जागी उभी करा. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. गवंड्याची पाणसळ लावून पाहा. इंजिन थोडे गरम करून बंद करा. खालचा बोल्ट काढून जुने ऑईल पूर्ण गळू द्या. ऑईल पोळते, हात सांभाळा. जुने ऑईल शेतात किंवा ओढ्यात ओतू नका. फिल्टर नवा घाला आणि बोल्ट घट्ट बसवा.

आता इंजिनाच्या पुस्तकात पाहा. फिल्टर धरून किती लिटर ऑईल लागते, ते त्यात लिहिलेले असते. पुस्तक इंजिनाचे पाहा, गाडीचे नव्हे! समजा, ५ लिटर लिहिले आहे. तर आधी मापाने ४ लिटर घाला. इंजिन दोन मिनिटे नुसते चालू ठेवा. ऑईलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. मग इंजिन थांबवून दहा मिनिटे वाट पाहा. पट्टी पुसून पूर्ण आत घाला आणि बाहेर काढा. ऑईल जिथवर लागले, तिथे बारीक रेघ ओढा. ही खालची रेघ. लोखंडाचा कीस पुसून टाका. आता उरलेले १ लिटर घाला. पुन्हा तसेच करा. ही वरची रेघ. जुन्या रेघा कानसीने घासून टाका, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

इंजिन जास्त झुकलेले असेल, तर आधी बैठक नीट करून घ्यावी. चेंबर कापलेले असेल, तर पुस्तकातले माप चालणार नाही. तिथे जाणता मिस्त्रीच हवा. त्याने चेंबर उतरवून दोन मापे घ्यावीत. क्रँक फिरताना सर्वांत खाली कुठवर येतो, हे एक. जाळी कोणत्या उंचीवर आहे, हे दुसरे. ऑईल क्रँकच्या खाली राहावे, आणि चढ-उतारावरही जाळी बुडालेली राहावी. दोन्ही जमत नसेल, तर ते चेंबर बदलणेच बरे.

रेघ आखल्यावर गाडी रिकामी घेऊन एखादा चढ चढून पाहा. चढावर किंवा वळणावर ऑईलचा लाल दिवा लुकलुकला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. “पुढच्या गावापर्यंत जाऊ,” असे म्हणू नका. माणसे भरलेली गाडी घाटात अडकली, तर गोष्ट इंजिनाच्या खर्चावर थांबत नाही.

आणखी एक सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलायला परिवहन कचेरीची परवानगी लागते आणि गाडीच्या कागदावर तशी नोंद लागते. ती करून घ्या.

शेवटी एक काम. तुम्ही आता लिहू लागला आहात. एक लहान वही गाडीत ठेवा. तिच्यात या चार ओळी लिहा:

१. ऑईल कोणत्या तारखेला बदलले.
२. किती लिटर घातले.
३. तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती.
४. आज पट्टीवर ऑईल कुठे आहे.

रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पट्टी पाहा आणि चौथी ओळ नव्याने लिहा. ऑईल रोज थोडे उतरत असेल, तर ते कुठे जाते ते शोधा. आपोआप वाढत असेल, तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळत आहे. तशी गाडी सुरू करू नका, मिस्त्रीला बोलवा. तो आला की वही त्याच्या हाती द्या. दुखणे कधी सुरू झाले, ते त्याला तारखेसह कळेल.