बर्फाच्या गावी लातूरकर



बाहेर अजून उन्हाच्या झळा येत आहेत आणि मी आपल्यापुढे बर्फाविषयी बोलायला उभा आहे. विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी विचारले, "बर्फ म्हणजे रसवंतीतला ना?" नव्हे. हा आभाळातून पडतो, आणि माणसे पदरचे पैसे खर्चून, देश ओलांडून त्याच्यावर घसरायला जातात.

माझी भाची म्युनिकला नोकरीला आहे. लातूरला शिकून बाहेर पडलेल्या असंख्य मुलांपैकी ती एक. तिला तिकडे स्नोबोर्डचा नाद लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने मनगट मोडून घेतले. माझी धाकटी बहीण घाबरली. "दादा, हातपाय मोडायला का तिला परदेशी धाडली? तू जा आणि चार शब्द सांग." अशा रीतीने मी बहिणीचे वकीलपत्र घेऊन २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाऊन पोचलो.

तयारीची हकीकत लांबवीत नाही. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो मी उतरवला. विमानात बसल्यावर पॉलिसी वाचली, तर बारीक अक्षरांत लिहिले होते की बर्फावरील खेळांत झालेल्या दुखापतीची भरपाई मिळणार नाही. ज्या कामासाठी माणूस निघाला तेवढेच वगळलेले! मी काही घसरणार नव्हतो, पण आपल्यापैकी कुणाची मुले जाणार असतील त्यांनी हे कलम आधी वाचावे आणि त्या खेळांचा विमा वेगळा मागून घ्यावा. डोंगरावर पाय मोडला आणि हेलिकॉप्टरने उतरवावे लागले, तर ते बिल पुष्कळदा ज्याचे त्यालाच भरावे लागते.

आता हा स्नोबोर्ड म्हणजे काय? आपल्याकडे वखरावर वजन म्हणून लहान पोराला बसवतात, ते आठवा. तसेच पोर एका अरुंद फळीवर आडवे उभे करा, दोन्ही पाय फळीला जखडा, बैल सोडून द्या आणि सगळे रान उताराचे करा. अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने १९६५ च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, तिथून या खेळाला चालना मिळाली. पुढे कित्येक डोंगरांवर या पोरांना बंदी होती, आणि १९९८ साली जपानमधल्या नागानोला तोच खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पाय बांधलेले असल्याने पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट जाते. नवशिक्यांची ही नेहमीची दुखापत आहे.

इन्सब्रुकच्या डोक्यावर पाचेरकोफेल नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी बाकावर बसून मी भाचीचे पडणे मोजीत होतो. बारानंतर मोजणे सोडले. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची उतरणीची शर्यत याच डोंगरावर झाली. जेरेमी बुजाकोव्स्की यांनी त्या ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव लावले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेले ते पहिले भारतीय. पण मला अधिक नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या वर्षी आल्प्समध्ये बर्फाचाच दुष्काळ पडला. तेव्हा ऑस्ट्रियन सैन्याने उंच डोंगरावरून बर्फाच्या वीस हजार विटा कापून आणल्या आणि चाळीस हजार घनमीटर हिम वाहून आणून उतारांवर पसरले. सरावात दोन खेळाडू दगावले, पण खेळ झाले.

मंडळी, हे ऐकताना लातूरकराला काय आठवणार? २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण कोरडे, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून आलेली जलदूत गाडी. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. त्यांनी खेळासाठी बर्फ वाहिले, आम्ही पिण्यासाठी पाणी वाहिले. हा फरक माझ्या घशाशी आला आणि वकीलपत्राला धार चढली.

भाची येऊन बाकावर बसली तेव्हा मी विचारले, "२०१६ विसरलीस?" ती म्हणाली, "मामा, मी बारावीत होते. रात्री दोनला टँकरपाशी घागर घेऊन उभी राहायचे. तेव्हा पाणी म्हटलं की भांडण. इथे मी पाण्यावर पडते आणि हसते. एवढं तरी घेऊ द्या."

यावर मला बोलता आले नाही.

मात्र पाण्याचा प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला वर नेऊन एक तळे दाखवले. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले, हुबेहूब आपले शेततळे! हवा शून्याखाली दोन-तीन अंश गेली की त्यातले पाणी दाबाने, हवेबरोबर, तोफेसारख्या यंत्रातून उडवतात. ते गोठून हिम होते. ऊब वाढते आहे आणि आभाळाचा भरवसा उरलेला नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तर जवळजवळ सगळे हिम यंत्राचे होते. मी म्हणालो, "तळ्याचं पाणी खेळायला?" ती म्हणाली, "या खोऱ्यात कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते, मामा. आणि हे वसंतात वितळून इन नदीत जातं, इनमधून डॅन्यूबला. आपण उसाला घातलेलं पाणी कुठे जातं?"

मांजरेच्या काठी ऊस आणि प्यायला रेल्वेचे पाणी, असे ज्यांनी केले त्यांनी ऑस्ट्रियनांना काय शिकवावे? तरी माझे मत मी राखून आहे. तळ्यात साठवून डोंगरावर उडवायला वीज लागते, त्यातले काही पाणी हवेतच उडून जाते, आणि दर वर्षी ऊब चढत असता हा खेळ किती दिवस ओढायचा, हे त्यांनाही ठरवावे लागेल. आपल्या गोदावरीला बर्फाचा आधार नाही. ती पावसावर जगते. म्हणून आपल्याला हा प्रश्न लवकर कळला, एवढेच.

परतल्यावर बहिणीने विचारले, "सांगितलंस का तिला?" मी म्हणालो, "सांगितलं. मनगटाला पट्टे बांध म्हटलं, आणि खेळाचा विमा उतरव म्हटलं." ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "पडल्यावर लागतं का गं, असं विचारलंस का तिला?" ते मात्र विचारायचे राहून गेले होते. रात्री तिनेच फोन लावला.