नदी आणि संगत



आजच्या विषयाची जाहिरात वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. धर्म आणि हवामान ह्यांचा संबंध काय? हवामान पाहायला वेधशाळा आहे, गटारे पाहायला नगरपालिका आहे. देवळात किंवा गुरुद्वारात माणूस जातो तो आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठी. शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर तत्त्वचर्चेने देत बसण्यापेक्षा एका नदीची हकीकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे. ती ऐकून काय तो निर्णय आपणच करावा.

ही नदी पंजाबातली. तिचे नाव काली बेईं. होशियारपूर जिल्ह्यात मुकेरियां तालुक्यातील धनोआ गावाजवळ ती उगम पावते आणि सुमारे १६० किलोमीटर वाहत जाऊन हरिके येथे, जिथे बियास आणि सतलज मिळतात तिथे, विसर्जन पावते. भूगोलाच्या पुस्तकात तिला फारशी जागा नाही. पण शीख समाजाच्या मनात तिची जागा फार मोठी आहे. तिच्या काठच्या सुलतानपूर लोधी गावी गुरू नानकदेव तरुणपणी चौदा-एक वर्षे राहिले. बहीण बेबे नानकी हिचे सासर तिथे होते, आणि नबाब दौलतखान लोधी ह्याच्या कोठारात त्यांनी नोकरी धरली होती. परंपरा असे सांगते की एके पहाटे ते बेईंत स्नानाला उतरले आणि तिसऱ्या दिवशी पाण्याबाहेर आले ते साक्षात्कार घेऊनच. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि पायी प्रवासाला निघाले. म्हणजे एका धर्माचा उगमच जणू ह्या पाण्यात आहे. जपुजीच्या शेवटी हवेला गुरूचे, पाण्याला पित्याचे आणि धरतीला मातेचे स्थान दिलेले आहे, आणि हा पाठ श्रद्धाळू शीख रोज पहाटे करतो.

आता ह्याच नदीची सन २००० मधील अवस्था पाहा. सहा शहरांचे आणि चाळीसहून अधिक गावांचे मैलापाणी तिच्यात सोडलेले. पात्रात जलपर्णी इतकी माजलेली की पाणी दिसू नये. काही ठिकाणी नदी कोरडी, तर काही ठिकाणी लोकांनी पात्रच नांगरून शेतात घातलेले. वरच्या भागात पाण्याला वाट न उरल्यामुळे जमिनी चिबड झालेल्या, आणि खालच्या भागात विहिरींचे पाणी खोल गेलेले. रोज पहाटे पाण्याला पिता म्हणावे आणि दिवसभर त्याच पित्याच्या अंगावर घाण सोडावी, असा हा प्रकार होता. ह्यात पंजाबच्या लोकांना नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. आपल्या नद्यांकडे पाहिले म्हणजे आपली मान आपोआप खाली जाते.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात जालंधर येथे भरलेल्या एका सभेत बेईंच्या दुर्दशेची चर्चा झाली. अशा सभांतून ठराव होतात, अर्ज जातात आणि मंडळी घरी जातात. पण त्या सभेत जवळच्याच सीचेवाल गावच्या निर्मल कुटियेचे संत बलबीरसिंग होते. ह्या गृहस्थांनी पूर्वी गावोगावचे कच्चे रस्ते लोकांच्या श्रमाने बांधले होते, म्हणून लोक त्यांना रस्त्यांचे बाबा म्हणत. त्यांनी ठरावाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी ते काही सेवेकऱ्यांसह नदीत उतरले.

शीख परंपरेत दोन शब्द आहेत, ते इथे समजून घेतले पाहिजेत. एक 'संगत'. मराठीत संगत म्हणजे सोबत. तिकडे संगत म्हणजे एकत्र जमलेला भक्तसमुदाय. दुसरा 'कारसेवा'. सरोवराचा गाळ काढणे, भिंत बांधणे अशी सामुदायिक कामे मोबदल्याशिवाय, आपल्या हातांनी करणे ही कारसेवा. अमृतसरच्या सरोवराचा गाळ अशाच रीतीने उपसला गेला आहे. सीचेवालांनी नवे तत्त्वज्ञान काढले नाही. सरोवरासाठी जे हात उठत होते, ते त्यांनी नदीकडे वळवले, एवढेच. परंतु हे 'एवढेच' फार मोठे आहे.

तरुण मंडळी गळ्याइतक्या घाण पाण्यात उतरून जलपर्णी ओढून काढीत. बाकीचे ती काठावर घेत, गाळाची घमेली एकमेकांच्या हाती देत. बाया लंगर रांधीत, आणि गावोगावहून पोळ्या येत. सुरुवातीला यंत्रे नव्हती, सरकारी पैसा नव्हता. हे एक दिवसाचे श्रमदान नव्हते. हार घालून, छायाचित्र काढून संपणारे तर नव्हतेच. वर्षानुवर्षे हे काम चालले. काठाने रस्ते झाले, झाडे लागली, सुलतानपूर लोधीला घाट बांधले गेले. पात्र मोकळे झाल्यावर मुकेरियांच्या जलविद्युत कालव्यातून नदीत पाणी सोडण्यात आले. २००६ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम हे काम पाहण्यासाठी स्वतः सुलतानपूर लोधीला आले. पुढे २०१७ साली सीचेवालांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले.

येथे गोष्ट संपवली असती तर ती कीर्तनातल्या आख्यानासारखी गोड झाली असती. पण खरी गोष्ट इथून पुढेच आहे. गाळ हातांनी निघतो. परंतु वरच्या शहराचे गटार चालू असले तर काढलेल्या गाळाच्या जागी नवा गाळ येतो. बेईं स्वच्छ झाल्यावरही तिच्यात मैलापाणी येतच राहिले, आणि मासे मरून तरंगू लागल्याचे प्रकार पुन्हा घडले. तेव्हा संगतीला दोन कामे हाती घ्यावी लागली. एक, शहरांच्या नगरपालिकांच्या आणि सरकारच्या मागे लागणे. दुसरे, गावांच्या सांडपाण्याची स्वतः सोय लावणे. ह्या दुसऱ्या कामातून निघालेल्या रीतीला 'सीचेवाल पद्धत' म्हणतात, आणि ती समजायला इंजिनियर असावे लागत नाही. गावाचे सांडपाणी नळांनी एकत्र आणायचे, जाळीतून गाळायचे, एकापुढे एक अशा तीन विहिरींतून फिरवून त्यातला गाळ आणि तवंग मागे ठेवायचा, मग ते तळ्यात निवू द्यायचे आणि तिथून पंपाने शेतांना द्यायचे. नदीला जे विष होते तेच शेताला खत झाले, आणि जमिनीतून उपसाव्या लागणाऱ्या पाण्याचा तेवढा भार हलका झाला.

श्रोतेहो, ह्यालाच आम्ही हवामानाचे शिक्षण म्हणतो. ते कसे, हे थोडे सांगितले पाहिजे.

हवा तापली की ती अधिक बाष्प धरते. एका अंशामागे सुमारे सात टक्के अधिक. हे बाष्प केव्हातरी खाली येणारच, आणि येते तेव्हा एकदम येते. २०२३ च्या जुलैत हिमाचलात असाच पाऊस कोसळला आणि पंजाबात सतलजचे बांध फुटले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर राज्याचे सगळे तेवीस जिल्हे पुराच्या तडाख्यात सापडले. १९८८ नंतर एवढा मोठा पूर तिकडे आला नव्हता. ह्या दोन्ही प्रसंगी सीचेवालांची माणसे मातीच्या गोण्या आणि नावा घेऊन पाण्यात होती. फुटलेला बांध बुजवण्याचे कसब त्यांनी कुठल्या पाठशाळेत मिळवले? ते बेईंच्या गाळात मिळाले. वीस वर्षे ज्यांनी एकमेकांच्या हाती घमेले दिले, त्यांना पुराच्या रात्री रांग कशी लावावी हे शिकवावे लागत नाही.

पण ह्या शिक्षणाचा कठीण धडा वेगळाच आहे. तो शेतातला आहे. पंजाबात जमिनीत दरवर्षी जेवढे पाणी मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. शेतीच्या पंपाला वीज फुकट आहे आणि भाताला सरकारी खरेदीचा भरवसा आहे. मग शेतकऱ्याने दुसरे पीक का घ्यावे? भाताच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन वायू निघतो. कापणीनंतर गव्हाची पेरणी गाठायला दिवस थोडे राहतात, म्हणून पेंढा जाळतात आणि त्या धुराने आकाश काळवंडते. हा पेंढा जाळणारा शेतकरीही पहाटे तोच पाठ म्हणतो ज्यात हवा गुरू आहे. तो ढोंगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि हातात दिवस थोडे आहेत. म्हणून केवळ ग्रंथातले वचन ऐकवून भागत नाही. धर्मसंस्था त्याला आठवण देऊ शकेल, त्याच्या शेजारी उभी राहू शकेल. पण दुसऱ्या पिकाला भाव देणे हे सरकारचेच काम आहे, आणि ते सरकारकडे मागितलेच पाहिजे.

तशीच मर्यादा लुधियान्याच्या बुड्ढा नाल्यात दिसते. तिथेही २०२४ मध्ये कारसेवा सुरू झाली. पण त्या पाण्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यांचे रंग आहेत, शहराचा मैला आहे. जलपर्णी हाताने उपटता येते, रसायन उपटता येत नाही. ते पाणी सतलजेत जाते, सतलज हरिकेला जाते, आणि तिथून कालव्याने राजस्थानात लोकांच्या घड्यात जाते. पाणी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा जाणत नाही, मग पाप तरी त्या का जाणील?

ह्या कामाचे लोण आता एका कुटियेपुरते राहिलेले नाही. सीचेवालला भाविकांच्या हातावर प्रसाद म्हणून रोपे ठेवतात. २००९ साली स्थापन झालेल्या 'इकोसिख' संस्थेने २०११ पासून १४ मार्च, म्हणजे गुरू हरराय ह्यांचा गुरुगादीचा दिवस, पर्यावरणाचा दिवस म्हणून पाळण्याची प्रथा पाडली; आणि २०१९ साली गुरू नानकांच्या ५५० व्या प्रकाशपर्वानिमित्त प्रत्येकी ५५० झाडांची दाट वने लावण्याचे काम हाती घेतले.

आता आपल्याकडे वळू. पंजाबशी आपले नाते नवे नाही. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातील घुमान गाव त्यांच्या वास्तव्याने पावन मानले जाते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला तो गोदावरीकाठी नांदेडला. मग त्यांच्या संगतीपासून आपण काही शिकलो तर त्यात कमीपणा कसला? आळंदीला इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर दिसतात, आणि त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेने बुडी मारतो. त्याची श्रद्धा खोटी नाही. पाणी खोटे झाले आहे.

आणि संगत आपल्याकडे नाही असेही नाही. दिंडी म्हणजे काय? तिला शिस्त आहे, ठरलेला क्रम आहे, मुक्काम आहेत, पंगत आहे. आणि कोणी आजारी पडला तर त्याला उचलून नेणारे हात आहेत. पंजाबात सरोवराकडचे हात नदीकडे वळले, तसे हे हात वारी संपल्यावर महिन्याचा एक ठरलेला दिवस आपल्या गावच्या ओढ्याकडे वळले, तर काय होणार नाही? मात्र त्या दिवशी दोन कामे झाली पाहिजेत. सकाळी गाळ काढावा. आणि दुपारी, हातपाय धुऊन, नगरपालिकेत जाऊन विचारावे की आमच्या पेठेचे मैलापाणी कुठे जाते, ते शुद्ध करण्याचे यंत्र चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर कधीपासून. पहिले काम केले आणि दुसरे सोडले, तर आपण आयुष्यभर गाळच काढीत बसू. दुसरे केले आणि पहिले सोडले, तर आपला अर्ज इतर अर्जांत जाऊन पडेल. ज्याच्या अंगावर नदीचा चिखल आहे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

धर्म आणि हवामान ह्यांचा संबंध काय, ह्या शंकेचे आमचे उत्तर हे असे आहे. ग्रंथात पाण्याची थोरवी सगळ्याच धर्मांनी गायिली आहे, त्यात कोणी मागे नाही. शास्त्रज्ञ कारण सांगतील, सरकार पैसा देईल. पण रोज तेच काम, फळाची घाई न करता, कंटाळा न करता, शेजाऱ्याला सोबत घेऊन करीत राहण्याची सवय माणसाला लावणारी संस्था समाजात फार थोडी आहेत, आणि भक्तांचा समुदाय त्यांपैकी एक आहे. ही सवय देवळाच्या भिंतीआड संपते की नदीपर्यंत पोहोचते, हा निर्णय आपल्या हाती आहे.