कमरेची गोळी आणि गिधाडं

रोवणीचे दिवस आहेत, तुमच्यातल्या निम्म्या जणी आता बांधीतून घरी येऊन, पाय धुऊन, चुलीजवळ बसून हे ऐकत असाल. मी तुमच्या गटांची सहयोगिनी. दर महिन्याला मी कर्ज, व्याज, हप्ता याच गोष्टी बोलते. आज बोलणार आहे किडनीबद्दल. आपल्याकडं जुनी माणसं तिला गुर्दा म्हणतात, पुस्तकात मूत्रपिंड म्हणतात. नावं तीन, पण काम बिघडलं की तिन्ही नावांनी पैसा सारखाच लागतो.

मागच्या पंधरवड्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब सुरू असताना एका काकूनं पदराच्या गाठीतून गोळी काढली, पाण्याशिवायच गिळली. मी विचारलं, कशाची? तर म्हणाली, "कमरेची व माय. गोळी घेतल्याशिवाय कंबर वाकूनच नाही राहिली." मग शेजारचीनंही पिशवी उघडली. तिच्याकडं पांढरी, दुसरीकडं गुलाबी. बारा जणी होत्या, आठ जणींकडं दुखण्याची गोळी निघाली. डॉक्टरची चिठ्ठी एकीकडंही नव्हती.

या गोळ्यांची गोष्ट मला गिधाडांपासून सांगावी लागेल. हसू नका, ऐका.

आपल्या ताडोब्यात बोटेझरीला जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून दहा गिधाडं आणली. पांढऱ्या पुठ्ठ्याची. सरकारनं आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं मिळून आणली. तेव्हा गावात काही जण म्हणाले, वाघ कमी होते काय म्हणून आता गिधाडं आणून सोडता? पण ज्यांची वयं पन्नासच्या वर आहेत त्यांना आठवत असेल, गावाबाहेर ढोरफोडीच्या जागेवर मेलेलं जनावर टाकलं की कुठून कुठून गिधाडं उतरायची आणि पाहता पाहता सापळा उरायचा. माझ्या मुलानं चित्रातच गिधाड पाहिलं आहे. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं अशी संपली की जिथं हजार होती तिथं एक उरलं.

कशानं मेली, हे बरीच वर्षं कळेना. रोग असेल, शेतातल्या फवारणीचं विष असेल, असं सगळे म्हणत. लिंडसे ओक्स नावाचे एक पशुवैद्य पाकिस्तानातल्या पंजाबात गेले आणि त्यांच्या पथकानं मेलेली गिधाडं फाडून पाहिली. बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर होता. ते युरिक ॲसिड. किडनी बंद पडली की पक्ष्याच्या अंगात ते साचतं. म्हणजे गिधाडं किडनी बंद पडून मरत होती. त्यांनी विषाणू शोधला, कीटकनाशक शोधलं, शिसं-पारा शोधला. काही सापडेना. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, आपली कोणतीही बाई विचारेल तसा: हे खातात काय? मेलेली गुरं. मग गुरांना मरायच्या आधी काय देतात? ते औषधांच्या दुकानात आणि गुरांच्या डॉक्टरांकडं गेले. किडनीला बाधेल असं, सगळीकडं मिळणारं औषध एकच निघालं, डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या कासेला देतात ते. किडनी बिघडून मेलेली 25 गिधाडं तपासली, पंचवीसच्या पंचवीसमध्ये ते औषध निघालं. दुसऱ्या कारणानं मेलेली 13 तपासली, एकातही नाही. 2004 मध्ये हे छापून आलं आणि 2006 मध्ये आपल्या सरकारनं गुरांसाठी हे औषध बनवायला बंदी केली.

बंदी झाली तरी माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली आणून गुरांना टोचणं चालूच राहिलं. म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही एका वेळेपुरती, 3 मिलिलिटरची करावी लागली. पुढं 2023 मध्ये गुरांसाठी असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली.

आता तुमच्या पिशवीतली पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड. यातलं एखादं नाव निघेलच.

घाबरवत नाही. माणूस म्हणजे गिधाड नाही. गिधाडाला जे थेंबभर मारतं ते आपलं शरीर पचवून बाहेर टाकतं. दात दुखला, डॉक्टरनं तीन दिवस गोळी दिली, जेवून घेतली, पाणी प्यालं, तर धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो नेमका आपल्या कामाच्या पद्धतीत बसलेला आहे.

आपल्या दोन किडन्या, एकेक मुठीएवढी. प्रत्येकीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. दिवसभरात 180 लिटरच्या आसपास पाणी त्या गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटरच लघवी म्हणून सोडतात, बाकी रक्ताला परत देतात. गाळायला रक्त जोरानं यावं लागतं. तलाव भरलेला असला की पाटाला पाणी आपोआप येतं. तलाव आटला की गेट पुरतं उघडावं लागतं, तेव्हा कुठं शेवटच्या बांधीपर्यंत धार पोचते. आपण उन्हात घामानं निथळलो, पाणी प्यालो नाही, की अंगातला तलाव आटतो. तेव्हा किडनी स्वतःच आपलं गेट उघडून धरते. दुखण्याची गोळी नेमकं ते गेट ढिलं करून पाडते. वेदना जिच्यामुळं होते आणि किडनीचं गेट जिच्यामुळं उघडं राहतं, ती अंगातली रसायनं एकाच घरातली. गोळी एकीला अडवते आणि दुसरीलाही अडवते.

आता आपला मे महिना आठवा. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचं तापमान टीव्हीवर सांगतात, 46, 47. आपण पहाटे चारला तेंदूपत्त्याला निघतो, एक बाटली पाणी, तीही पोराला अर्धी. मग मुडे बांधत दुपार. रोवणीत पाणी गुडघाभर असतं, पण प्यायचं नसतं. आणि आपण मुद्दाम कमी पितो. का, ते पुरुषांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. जायला आडोसा नसतो. सकाळची गेलेली बाई संध्याकाळीच जाते. कोरडं अंग, वर कमरेची गोळी, तीही उपाशीपोटी. बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी आधीच सुरू असेल आणि त्यात ही तिसरी पडली, तर किडनीवर तिन्हींचा भार एकदम येतो. (बीपीची गोळी मात्र हे ऐकून बंद करू नका. ती किडनी वाचवणारी आहे. बंद करायची ती दुखण्याची.)

कष्टानं दुखणाऱ्या अंगाला औषधाची सवय लागणं हे काही आपल्याच गावचं नाही. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना म्हणून बंदुकांच्या कारखान्याचं गाव आहे. 1918 च्या तापाच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरनं कामगारांना एक पुडी दिली. साथ गेली, पुडी राहिली. लोक कामाला जोर यावा म्हणून रोज घ्यायला लागले. वाढदिवसाला एकमेकांना ती पुडी भेट देत, म्हणतात. पुढं कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या लक्षात आलं की या गावातली माणसं किडनीनं मरताहेत. पुडीत फेनासेटिन नावाचं औषध होतं. वेदना मारायची, आणि वर्षानुवर्षं घेतलं की किडनीही. पुढं ते औषधच बाजारातून गेलं.

आणि मध्य अमेरिकेत, निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत, ऊस तोडणारी तरुण पोरं किडनी जाऊन मरत होती. मधुमेह नाही, बीपी नाही. संशोधकांचं बोट तिथल्या उन्हाकडं आणि पाणी न पिता उपसलेल्या कष्टाकडं गेलं. एका साखर कारखान्यानं तोडणीवाल्यांना पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विसावा द्यायला सुरुवात केली, तर किडनीला इजा होणाऱ्यांची संख्या उतरली. औषध एकही नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर पाण्याची टाकी आणि मांडव मागायचा असेल तर मुकादमाला हे सांगा.

आता माझ्या घरचं सांगते. माझी आई पंधरा वर्षं कमरेची गोळी घेत होती. रोवणीत दोन, कापणीत दोन, एरवी एक. ती गोळी तिला आणून कोण देत होतं? मी. बी.ए. झालेली, गटाच्या बायांना आरोग्याची पत्रकं वाटणारी मी, दर बाजाराला दोन पाकिटं आणायची. आई म्हणायची, माझी लेक माझं दुखणं समजते. चार वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले, चेहरा सकाळी फुगायचा. आम्ही अशक्तपणा समजलो. एका दवाखान्यात सलाईन लावलं आणि वर दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तिथं रक्त तपासलं नाही, कोणती गोळी घेता हे विचारलं नाही. दीड महिना असाच गेला. मग दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं, क्रिएटिनिन 2.9 निघालं. बाईमाणसाचं साधारण एकच्या आत असायला हवं. त्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या कोणत्या घेता? मी पिशवीतून पाकीट काढलं तेव्हा माझा हात कापत होता. ते म्हणाले, एकट्या गोळीनं झालं असं म्हणता येणार नाही, बीपीही बरीच वर्षं वाढलेलं दिसतं, कधी मोजलं होतं? कधीच नाही.

किडनीचं हेच वाईट आहे. अर्ध्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत ती कुरकुरत नाही. थोडीफार आपल्यासारखीच. म्हणून तपासावं लागतं, आणि तपासणी साधी आहे. बीपी, लघवीत प्रोटीन जातं का, आणि रक्तातलं क्रिएटिनिन. सरकारी दवाखान्यात होते. ज्यांना साखर आहे, बीपी आहे, मुतखडा होऊन गेला आहे, बाळंतपणात बीपी वाढलं होतं, किंवा ज्या वर्षानुवर्षं गोळी घेत आहेत, त्यांनी वर्षातून एकदा करावी.

लवकर कळलं तर आता हातात बरंच आहे. एक गंमत सांगते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये युरोपात एक कडू द्रव्य काढलं होतं, तापावर चालेल म्हणून. पुढं कळलं की ते घेतल्यावर साखर लघवीतून बाहेर पडते. त्या धाग्यावरून शंभरावर वर्षांनी मधुमेहाच्या गोळ्या झाल्या. त्यातली एक डॅपाग्लिफ्लोझिन. 2020 मध्ये 4304 किडनीच्या रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, मधुमेह असलेले आणि नसलेलेही. अडीचेक वर्षांत नुसत्या नावाची गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या साडेचौदा जणांची किडनी फार खालावली किंवा मृत्यू झाला, ही घेणाऱ्यांत नऊ जणांचं तसं झालं. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. आता आपल्या देशात अनेक कंपन्या ती बनवतात. पण ती सगळ्यांना चालत नाही. डॉक्टरनं लिहिली तरच. सालीचं नाव ऐकून कुणी कुठली साल उकळून पिऊ नका, आणि बाजारात संधिवाताची पुडी म्हणून मिळते ती तर मुळीच नको. अशा पुड्यांमध्ये दुखण्याच्या गोळ्यांचा, स्टिरॉइडचा चुरा मिसळलेला सापडला आहे.

किडनी पुरती गेलीच तर डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं, आणि 2016 पासून देशभरात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. पैसे वाचतात, पण येणं-जाणं, बुडालेली मजुरी आणि सोबतचं माणूस योजनेत नसतं. आणि किडनी बदलायची वेळ आली तर आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. द्यावी की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी फक्त सांगते आहे की हिशेब असा आहे.

मग कमरेचं काय करायचं? दुखणं खोटं नाही. आईला डॉक्टरनं पॅरासिटामोल चालेल म्हटलं, तीही मोजून, रोजची नाही. गरम पाण्याचा शेक, दर तासाला पाच मिनिटं धुऱ्यावर ताठ उभं राहणं. आमच्या गावच्या एका गटानं यंदा रोवणीच्या टोळीसाठी ठरवलं आहे, सोबत दोन कॅन पाणी न्यायचं आणि धुऱ्यावर चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा करायचा. खर्च शून्य. पहिल्या दिवशी पुरुष हसले. तिसऱ्या दिवशी बाजूच्या टोळीच्या बाया तिथंच यायला लागल्या.

आईचं क्रिएटिनिन तीन वर्षांपासून अडीचच्या आसपास थांबलं आहे. बीपीची गोळी, मीठ कमी, तपासणी तीन महिन्यांनी. डायलिसिस अजून नाही. पाऊस लागला की ती अजूनही मला विचारते, "एक दे नं व, एकानं का होते?" मी शेक द्यायला पाणी ठेवते. ती रुसते.

या महिन्याच्या बैठकीला पासबुकासोबत घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घेऊन या, सासूची आणि नवऱ्याचीही. आशाताई बीपीचं मशीन घेऊन येणार आहेत. त्यांच्यासमोर आपण एकेक पाकीट वाचू.